आधी कामं कमी करा, मग वाटणी

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की घरात लहान मूल आल्यावर तुमचा रोजचा दिवस कसा बदलला ते लिहा, आणि कुठे अडत असेल तर तेही विचारा. पत्रं आली, व्हॉट्सॲपवर मेसेज आले, आणि गंमत म्हणजे बाळाबद्दलचे प्रश्न त्यात कमीच आहेत, जास्त प्रश्न मोठ्यांचेच. झोप, नळाचं पाणी, सासूबाई, नवरा, मोबाईल, नोकरी. थोडक्यात बाळ मजेत आहे, घरचे बेजार आहेत. काही प्रश्न निवडलेत, नावं छापलेली नाहीत, गाव तेवढं ठेवलंय. पत्रं जागेसाठी थोडी कापलीत पण भाषा तुमचीच आहे.

अमळनेरहून एक वाचक : ताई, मला साडेतीन वर्षांची मुलगी आणि आठ महिन्यांचा मुलगा. मिस्टरांचं दुकान आहे, सकाळी गेले की रात्री नऊलाच येतात. घरात सासू-सासरे. मी दिवसभर पळत असते पण संध्याकाळी कोणी विचारलं काय केलं तर सांगताच येत नाही. अर्धी भांडी झाली की हा उठतो, याला घेतलं की कुकरच्या शिट्ट्या, गॅस बंद केला की मोठी ओरडते शी आली. नळाला पाणी रोज येत नाही, येतं तेव्हा पहाटे, त्या दिवशी तर विचारूच नका. रात्री तीन-चारदा उठावं लागतं. सासूबाई पलंगावरून आवाज देतात, पोऱ्या रडी ऱ्हायना माय, ले त्याले. मोठी आधी हाताने जेवायची ती आता भरव म्हणते, चड्डीत सू करते, मी चिडते आणि मग मलाच रडू येतं. सासूबाई म्हणतात आम्ही पाच-पाच वाढवली. मी कुठे कमी पडतेय?

उत्तर : कुठेच नाही. तुम्ही ती भांडी-कुकर-शी लिहिलीय ना, तिथेच सगळं आहे बघा. लहान मूल आलं की काम वाढतं हे तर सगळे सांगतात, पण माणूस थकतो ते काम तुटक झाल्यामुळे. एका दमात होणारी भांडी आता चार तुकड्यांत होतात, आणि दर वेळी परत हात धुवा, परत ओट्याशी या, परत आठवा की आपण मघाशी काय करत होतो. संध्याकाळपर्यंत पुरं असं एकही झालेलं नसतं, मग काय केलं ते सांगणार कसं.

सासूबाई पाच वाढवली म्हणतात ते खोटं नाहीये. पण तेव्हा घरात जावा होत्या, नणंदा होत्या, आठ वर्षांची पोर लहान्याला कडेवर घेऊन गल्लीभर फिरायची, ओट्यावर बाळ बसवलं तर येणारा-जाणारा बघायचा. एवढे हात होते म्हणून पाच वाढली. आता तुमच्या घरात दिवसा धडधाकट हात दोनच, तेही तुमचेच. हे त्यांना वाद म्हणून ऐकवू नका. तुमच्या वेळी यांना कोण कोण घ्यायचं हो, असं सहज विचारा, त्या सांगायला बसतील आणि सांगता सांगता नातवाला मांडीवर घेतील.

आता माझं मत सांगते, कोणाला पटो न पटो. आपल्याकडे सगळी कामं जशीच्या तशी ठेवतात आणि मग कोण करणार यावर भांडतात. आधी कामं कमी करा, मग वाटणी. मूल तीन वर्षांचं होईपर्यंत घरातली कामं सरळ दोन भागांत करा, एक म्हणजे जेवण, अंघोळ, झोप, लसीची तारीख, हे कधीही सोडायचं नाही. बाकी सगळं सोडलं तरी चालतं. उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड घरचेच पाहिजेत असं काही नाही, या वर्षी बचत गटाच्या बायकांकडून विकत घ्या, त्यांचेही चार पैसे होतील. रोज दोन वेळा फरशी, संध्याकाळी वेगळी भाजी, घडीच्या चादरी, कोणी आलं की लगेच शेवभाजीचा घाट, हे सगळं बाद. पाहुण्यांना चहा आणि मुरमुरे. ज्यांना वाईट वाटेल त्यांना पोरगं धरायला द्या.

झोपेचं मात्र मनावर घ्या. चार ते अकरा महिन्यांच्या बाळाला दिवसाची धरून १२ ते १६ तास झोप लागते असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे तुमच्या मुलाची झोप तुकड्या-तुकड्याने का होईना पुरी होतेय, पुरी होत नाही ती तुमची. या वयात रात्री उठणं काही आजार नाही, त्याला लगेच सुधारायला जाऊ नका. तुम्हाला पाहिजे ती सलग चार-पाच तासांची एक झोप. मिस्टर नऊला आले, जेवले, की साडेनऊला तुम्ही बाळाला पाजून दुसऱ्या खोलीत जाऊन आडवं व्हायचं आणि दोन वाजेपर्यंत बाळ त्यांचं. मध्ये उठलं तर खांद्यावर घेऊन फिरतील, थापटतील, आणि अगदी भुकेनेच रडलं तर तुमच्याजवळ आणून पाजून परत घेऊन जातील. पहिले काही दिवस तुम्हाला पलीकडून आवाज ऐकू येईल आणि उठावंसं वाटेल. उठू नका. दोननंतर तुम्ही. दुकानदार माणसाला पण सकाळी उभं राहायचं असतं हे मान्य आहे, म्हणून तर रात्र अर्धी-अर्धी.

पाण्याचा दिवस सासऱ्यांकडे द्या. मोटर लावणं, ड्रम भरणं हे त्यांना जमतं, तसेही पहाटे उठून बसलेलेच असतात. फक्त एक लक्षात ठेवा, आठ महिन्यांचं बाळ आता रांगेल आणि धरून उभं राहायला लागेल. बादलीतल्या वीतभर पाण्यातही लहान मूल बुडतं, आणि आवाजही होत नाही. ड्रमला घट्ट झाकण, रिकाम्या बादल्या पालथ्या, बाथरूमला बाहेरून कडी. आपल्याकडे पाणी साठवण्याशिवाय इलाज नाही म्हणूनच हे जास्त सांगावं लागतं.

मोठीचं काय, तिला कळलंय की चड्डीत सू केली, भरव म्हटलं की आई जवळ येते. भाऊ-बहीण झाल्यावर बरीच मुलं अशी मागे जातात, काही महिन्यांनी येतात परत वळणावर. रागावलात तर जास्त लांबेल. रोज पंधरा-वीस मिनिटं फक्त तिची, बाळ आजीकडे, मोबाईल बाजूला, ती सांगेल तो खेळ. साडेतीन वर्षांची आहे तर अंगणवाडीत घाला, तिथे तीन ते सहा वर्षांच्या मुलांना गरम आहार पण मिळतो आणि तुम्हाला सकाळचे दोन-तीन तास एकाच मुलाचे मिळतात.

आणि ते रडू येण्याबद्दल. बाळंतपणानंतर पहिल्या पंधरवड्यात उगाच रडू येणं खूप जणींना होतं आणि आपोआप जातं. पण आठ महिने झाले तरी येत असेल, कशातच मन लागत नसेल, बाळ झोपलं तरी तुम्हाला झोप लागत नसेल आणि असं दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल, तर डॉक्टरांना सांगा. त्यावर उपचार आहेत, अंगावर पाजत असताना चालतील अशी औषधं पण आहेत. लगेच जाणं जमत नसेल तर सरकारची टेली-मानस म्हणून हेल्पलाईन आहे, १४४१६, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

रावेर तालुक्यातून एक शेतकरी : आमची केळी आहे. शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात मी मळ्यात असतो, सकाळी येऊन झोपतो, बायको एकटी मुलीला बघते. मुलगी अकरा महिन्यांची आहे. बायको म्हणते तुम्ही तर पाहुण्यासारखे येतात. मुलगी पण माझ्याकडे आली की रडते, आईलाच चिकटते. मित्र म्हणतात बापाचं आता काय काम, दोन वर्षांची झाली की येईल मागे मागे.

उत्तर : दादा, मित्रांना चहा पाजा पण त्यांचं ऐकू नका. आठ-नऊ महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत मुलं जवळच्या माणसाला घट्ट धरतात आणि बाकीच्यांना बघून रडतात, ही वाढच आहे. पण जवळचं कोण ते रक्तावरून ठरत नाही हो, रोज हातात कोण घेतं, भरवतं कोण, आंघोळ कोण घालतं यावरून ठरतं. बाप दोन वर्षं थांबला तर मुलगी येईल मागे, नाही असं नाही, पण तोवर बायकोची दोन वर्षं कशी गेली ते ती विसरणार नाही.

तुमच्याकडे तर लाईटचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असतं, मग घराचीही दोन वेळापत्रकं करून टाका. रात्रपाळीच्या आठवड्यात मळ्यातून आलात की लगेच झोपू नका, पहिला तास-दीड तास मुलगी तुमची, तिचं तोंड धुणं, नाश्ता, ओट्यावर बसणं, आणि तेवढा वेळ बायको झोपेल. मग तुम्ही झोपा, खुशाल झोपा. दिवसाच्या आठवड्यात रात्रीचं उठणं तुमच्याकडे. आणि आंघोळ दोन्ही आठवड्यांत तुम्हीच घाला. आंघोळ मुद्दाम सांगतेय, पाण्यात पोरं खूश असतात, ओळख लवकर होते. आणि या वयाला मालिश करताना ते पाय ओढणं, नाकात-कानात तेल घालणं नको, नुसतं हलक्या हाताने चोळा. आंघोळ घालताना हात धरून तिथेच बसा, टॉवेल आणायला उठायचं नाही, आधीच जवळ ठेवायचा.

मळ्यात रात्रभर बसावंच लागतं का तेही एकदा बघा. ड्रीप असेल आणि फक्त मोटर चालू-बंद करायला जात असाल तर मोबाईलवरून चालणारे स्टार्टर मिळतात, आजूबाजूला कोणीतरी बसवलेला असेलच, त्याला विचारा कसा चालतोय. त्याचा खर्च शेतीच्या खात्यात टाकू नका, पोरीच्या खात्यात टाका, मग महाग वाटणार नाही.

फवारणी करून आलात तर मात्र कपडे बाहेर काढून, साबणाने आंघोळ करून मगच तिला घ्या, आणि औषधाच्या रिकाम्या बाटल्या-कॅन घरात कशालाही वापरू नका, पाण्याला तर नाहीच. रांगणाऱ्या पोराला लेबल वाचता येत नाही.

जाता जाता, तुमच्या पत्रात शेवटी होतं की आई म्हणते केळं देऊ नको, सर्दी होते. अख्ख्या देशाला केळी पाठवणारे आपण आणि आपल्याच पोरांच्या ताटात केळं नाही! सर्दी विषाणूंनी होते, केळ्याने होत नाही. सहा महिने पूर्ण झाले की पिकलेलं केळं कुस्करून देता येतं, अकरा महिन्यांच्या मुलीला तर मऊ तुकडे हातात द्या, खाईल अर्धे, अर्धे फासेल. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं मात्र चार वर्षांच्या आत नाही, घशात अडकतात. दाण्याचा कूट चालेल.

भुसावळहून एक आजी : मुलगा रेल्वेत, त्याच्या ड्युटीचं काही खरं नाही. सून शाळेत शिकवते. नातू दोन वर्षांचा, दिवसभर माझ्याकडे. माझे गुडघे दुखतात, त्याच्या मागे घास घेऊन पळता येत नाही. मोबाईल लावून दिला की दहा मिनिटांत जेवतो. सुनेला समजलं तर तिने माझ्या मोबाईलमधून यूट्यूबच काढून टाकलं, मला न विचारता. मी पण म्हटलं मग तूच भरव. आता बोलणं बंद आहे. चूक कोणाची ते तुम्हीच सांगा.

उत्तर : मावशी, विचारलंच आहे तर सांगते. सुनेचं म्हणणं बरोबर आहे आणि वागणं चुकलं. दोन्ही.

म्हणणं बरोबर का, तर दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि दोन ते चार वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तेवढं चांगलं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, आपल्या बालरोगतज्ज्ञांचंही जवळपास हेच म्हणणं आहे. जेवताना तर त्याहून नको. व्हिडिओ बघताना पोरगं तोंड उघडतं, चावत नाही, गिळतं, पोट भरलं की नाही तेही त्याला समजत नाही. दहा मिनिटांत जेवला असं आपल्याला वाटतं, तो जेवलेला नसतो, आपण भरलेलं असतं.

पण मला वाटतं खरी भीती मोबाईलची नाहीये, पोरगं कमी खातं याची आहे. हे जरा बघा. जन्माला आल्यावर बाळाचं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं आणि त्यानंतर वर्षाला दोन-अडीच किलोच वाढतं. वाढीचा वेग पडला की भूक पण पडते. म्हणजे वर्षाचा असताना जो वाटीभर खायचा तो दोन वर्षांचा झाल्यावर कधी कधी अर्धी वाटीच खातो, आणि ते ठीक आहे. काय द्यायचं आणि कधी द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते त्याला ठरवू द्या. अंगणवाडीत वजन करून वाढीच्या तक्त्यावर बघा, रेषा वर जात असेल तर घासांची मोजणी बंद करून टाका. दूध किती देता तेही बघा, दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर गेलं की जेवणाची भूक मरते. आणि जेवणाच्या आधी हातात वेफर्सचं पाकीट नको, मग तुमचं जेवण कोण खाईल.

तुम्हाला त्याच्या मागे पळायचंच नाहीये. तुम्ही जेवायला बसता तेव्हाच त्याला समोर बसवा, त्याचं वेगळं छोटं ताट. वरणात बट्टी चुरून थोडं तूप, किंवा भाकरी दुधात भिजवून, फोडणी आणि काळा मसाला पडायच्या आधी त्याच्यापुरती भाजी बाजूला काढलेली. हाताने खाऊ द्या. सांडेल, खाली जुनी चादर टाका. वीस-पंचवीस मिनिटांत उठला तर उठला, ताट उचला, पुढचं खाणं पुढच्या वेळेला. पहिले तीन-चार दिवस तमाशा करेल, मोबाईलसाठी लोळेल. त्या दिवसांत घरातल्या कोणीच त्याच्यासमोर मोबाईल हातात घेऊन जेवायचं नाही, मुलाला पण सांगा, त्याची ड्युटी तिथे चालत नाही. आणि भुसावळात राहून पोराला दाखवायला काही नाही असं म्हणू नका, संध्याकाळी गाड्या दिसतील अशा ठिकाणी नेऊन बसवा, डबे मोजा, मालगाडी आली तर तुम्हालाच थांबावं लागेल एवढे.

बोला त्याच्याशी सारखं, आणि तुमच्या घरच्या बोलीत बोला, लेवा असो की अहिराणी. दोन बोली ऐकल्या की पोरगं उशिरा बोलतं हा समज चुकीचा आहे, सुनेलाही सांगा हे.

आता वागणं. न विचारता तुमच्या फोनला हात लावायला नको होता. आणि एक गोष्ट दोघांनी ऐका, मुलाने आणि सुनेने, की गुडघे दुखणाऱ्या बाईकडे दोन वर्षांचं पोरगं दिवसभर ठेवायचं आणि वर नियम पण लावायचे हे चालत नाही. सुनेने सकाळी त्याचं दुपारचं जेवण काढून ठेवावं, मुलाने ड्युटी नसलेल्या दिवशी सकाळ पूर्ण घ्यावी म्हणजे तुम्ही दवाखान्यात, भजनाला, कुठेही जाऊ शकाल, आणि परवडत असेल तर दुपारी दोन-तीन तासांसाठी एखादी बाई ठेवा. बोलणं तुम्हीच सुरू करा असं मी म्हणणार नाही. पण यूट्यूब नको आणि सुट्टी पाहिजे, असं एका वाक्यात बोललात तर सून नाही म्हणेल असं वाटत नाही.

शहाद्याहून एक वाचक : बाळ चार महिन्यांचं, मे महिना, पारा ४४ च्या वर. सगळे म्हणतात पाणी पाज, जीव सुकतोय त्याचा. पाजू का? आणि कूलरसमोर ठेवलं तर चालेल?

उत्तर : पाणी नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त अंगावरचं दूध, आपल्या उन्हाळ्यातही. त्या दुधातच ८७-८८ टक्के पाणी असतं. फक्त जास्त वेळा पाजा आणि तुम्ही स्वतः भरपूर पाणी प्या, ताक प्या. दिवसभरात सहा-सात वेळा लंगोट ओला होतोय म्हणजे पाणी पुरतंय. शू कमी झाली, पिवळी जर्द झाली, बाळ मलूल पडलं, प्यायलाच मागत नाही, तर घरी बसू नका, लगेच डॉक्टर. गुटी, मध, ग्राईप वॉटर यातलं काही नको, मध तर वर्षाच्या आत अजिबात नाही.

कूलर चालेल, झोत सरळ अंगावर नको, भिंतीकडे फिरवा, खोलीची एक खिडकी उघडी ठेवा नाहीतर नुसता दमटपणा होतो आणि घामोळं येतं. एक पातळ सुती झबलं पुरे. आणि हे सगळ्यांसाठी, पत्र्याच्या कूलरला अर्थिंग आहे का ते सीझन सुरू होतानाच वायरमनकडून बघून घ्या, पाणी भरताना पिन काढा, आणि रांगणाऱ्या पोराला कूलरपर्यंत पोचता येणार नाही अशी सोय करा. दर उन्हाळ्यात कुठे ना कुठे कूलरचा शॉक लागल्याची बातमी येतेच.

धुळ्याहून एक नोकरदार आई : प्रायव्हेट ऑफिस आहे, सत्तरेक माणसं. २६ आठवडे रजा मिळाली, पुढच्या महिन्यात जॉईन व्हायचंय. पाळणाघराचं विचारलं तर साहेब म्हणाले ही काही पुणे-मुंबई नाही. बाळ तेव्हा साडेपाच महिन्यांचं असेल. दूध काढून ठेवावं म्हणते पण या उन्हात टिकतं का?

उत्तर : कायद्याला पुणे-धुळे काही फरक पडत नाही. २०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हापासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आणि पन्नास किंवा जास्त माणसं असतील तिथे पाळणाघर, ऑफिसात किंवा जवळपास, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायचं. कामाचं स्वरूप तसं असेल तर रजेनंतर घरून काम करण्याबद्दल बोलणी करता येतात हेही त्यात आहे. तोंडी विचारू नका, मेल करा, ऑफिसातल्या अजून एक-दोघींना बरोबर घ्या. एकटीचं उत्तर साहेब देतात, चौघींचं उत्तर द्यायला त्यांना वर विचारावं लागतं.

दुधाचं असं आहे, काढलेलं दूध चार तास बाहेर राहतं म्हणतात ते २५ अंशांपर्यंतच्या खोलीत. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये २५ अंश कुठे असतात ते मला दाखवा! म्हणून काढलं की सरळ फ्रिजमध्ये, आत मागच्या बाजूला, दारात नाही, चार दिवस चालतं. स्टीलचा उकळून घेतलेला डबा, वर तारीख. ऑफिसात काढलं तर बर्फाच्या पॅकवाल्या डब्यात घरी आणा. देताना गरम पाण्यात डबा ठेवून कोमट करा, उकळू नका, उरलेलं परत ठेवू नका. लाईट गेली आणि फ्रिज बराच वेळ बंद राहिला तर मन घट्ट करून टाकून द्या. बाटली नको, वाटी-चमचा किंवा बोंडलं (चोचीचं छोटं भांडं) बरं, धुवायला सोपं. आणि धीर धरा, जॉईन झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत सहा महिने पूर्ण होतील, मग वरण-भात, नाचणी सुरू झाली की दिवसाचं दूध तसंही कमी लागतं. मग तुम्ही सकाळी जाता-जाता आणि संध्याकाळी आल्या-आल्या पाजलं, रात्री पाजलं, तर बाकीचं निभतं. दोन वर्षं आणि पुढेही पाजता येतं, नोकरी लागली म्हणून तोडायची गरज नाही.

पारोळ्याहून : आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी गेले होते. झोपायची वेळ, जेवायची वेळ, मोबाईल बंद, सगळं नीट लावलं होतं. मामाने पंधरा दिवसांत वाट लावली. रात्री बारापर्यंत गच्चीवर, दिवसभर आंबे आणि पेप्सीकोला. आता काय करू?

उत्तर : काही नाही. आखाजीला माहेरी जाऊन पण तुम्ही टाइमटेबल सांभाळणार असाल तर मग जायचं कशाला, झोक्यावर बसायला मिळालं की नाही ते सांगा. घरी आल्यावर सकाळी नेहमीच्या वेळेला उठवा, दुपारची झोप लांबू देऊ नका, आठवडाभरात रुळावर येतं. मामाला काही बोलू नका, मामा त्यासाठीच असतो.

जळगावहून एक वाचक : मुलगा दीड वर्षाचा. आम्हा दोघांत भांडण नाही, काहीच नाही, पण बोलणंच राहिलं नाही. डायपर संपले, डोस कधी आहे, तू घेतोस का मी घेऊ, एवढंच. मैत्रिणी पण सुटल्या, त्यांचे फोन येतात ते मी उचलत नाही कारण बोलायला बसले की हा ओढतो. हे असंच राहतं का?

उत्तर : असंच राहत नाही, पण आपोआप जातं असंही नाही. डायपर-डोसचं बोलणं जाणार नाही, ते लागतंच, फक्त दिवसभर पसरू देऊ नका. ते सगळं कागदावर फ्रिजला लावा आणि रात्री दहा मिनिटांत उरका. लसीचा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या मध्ये असतो, गोवर-रुबेलाचा दुसरा आणि डीपीटीचा बूस्टर, झाला नसेल तर आशाताईंना विचारा, कार्डाचा फोटो दोघांच्या फोनमध्ये ठेवा, म्हणजे तो विषय तरी संपला.

मग उरलेल्या वेळात लगेच मनातलं बोलायला बसू नका, दमलेल्या माणसांना ते जमत नाही. नुसतं बरोबर काहीतरी करा. संध्याकाळी मेहरूण तलावावर तिघं जा, हा खाली खेळेल, माती खाईल थोडी, तुम्ही दोघं शेजारी बसा. महिन्यातून एकदा आई किंवा बहिणीकडे दोन तास सोडून भरीत-पुरी खायला जा, आणि तिथे मुलाचे फोटो बघत बसू नका. मैत्रिणींना सरळ मेसेज टाका की फोन घेता येत नाही, व्हॉइस मेसेज पाठव, मी भांडी घासताना ऐकते. ज्या खऱ्या आहेत त्या पाठवतील, आणि एखादी तर घरी येऊन भांडी घासेल. तेव्हा तिला नको-नको म्हणू नका, साबण कुठे आहे ते दाखवा.

पुढच्या अंकाचा विषय आहे पहिलीचा प्रवेश, सहा वर्षं पूर्ण की साडेपाच चालतात यावर आत्ताच बऱ्याच घरांत वाद चालू आहेत असं दिसतंय. प्रश्न पाठवताना मुलाची जन्मतारीख लिहा, नुसतं 'लहान आहे' लिहू नका.